अलगदरावांचं ॲव्हरेज

काचवाल्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. काच उचलताना दर दोन पावलांना "अलगद, अलगद!" असं ओरडायची त्याला सवय. त्यामुळे आधी कारागीर, मग गिऱ्हाइकं आणि शेवटी बायकोच्या माहेरची मंडळीसुद्धा त्याला अलगदराव म्हणू लागली. नाव शोभायचंही. सहा फुटी काच कडेला धरून अरुंद जिना चढताना हा माणूस श्वाससुद्धा जपून घेई. चाळीस वर्षांत आपल्या हातून फक्त चार काचा फुटल्या आणि त्यातलीही एक मांजराने पाडली, असं तो शपथेवर सांगे. मांजराची बाजू कुणी ऐकून घेतली नव्हती.

मात्र हेच अलगदराव रिकाम्या पिकअपमध्ये बसले की यांना हे नाव कुणी दिलं असा प्रश्न बघणाऱ्याला पडायचा.

पिकअप मध्यम आकाराची होती. पुढे चौघं बसतील एवढी जागा, मागे उघडा हौदा, आणि हौद्यात काचा उभ्या टेकवायची लाकडी घोडी. घोडीवर काच असली की गाडी नव्या नवरीसारखी चाले. काच उतरली, घोडी रिकामी झाली, की अलगदरावांच्या उजव्या पायाला काय व्हायचं कोण जाणे. त्यात परतीच्या रस्त्यावर त्यांना हमखास सोफेवाला भेटे. सोफ्याच्या दुकानाच्या या ड्रायव्हरकडे अगदी तशीच पिकअप होती, आणि पुढे जाताना दोनदा हॉर्न वाजवून चिडवायची खोडही होती. मग काय, आगीत तेल.

दुकान आता मुलगी चालवत होती. काच कापणं, ऑर्डर घेणं, कारागिरांना ओरडणं, सगळं तिच्याकडे. वडिलांकडे गाडी. आणि आईकडे गाडीची वही. दर शनिवारी टाकी फुल करायची, किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं ते आईने वहीत लिहायचं, असा रिवाज. दुकानाच्या वर घर, त्यामुळे वही स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असे.

भांडण सुरू झालं ते गॅरेजमध्ये. मुलगी ब्रेक दाखवायला गाडी घेऊन गेली होती. मेकॅनिकने चाक उघडलं, आत पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, वर्षात दुसऱ्यांदा ब्रेक संपले. गाडी कोण चालवतं? त्या पोराला जरा समज द्या."

"पोरगं सहासष्टचं आहे," मुलगी म्हणाली. "आणि ते मला समज देतं."

घरी येऊन तिने वही काढली, आकडे मांडले आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, कंपनीच्या कागदावर ही गाडी पंधरा देते. कागदावर सगळंच देतात, ते सोडा. आपल्या रस्त्यांना, आपल्या खड्ड्यांना तेरा द्यायला हरकत नाही. तुम्ही तिला साडेदहावर आणलंय."

"गाडी म्हातारी झाली."

"गाडी तीन वर्षांची आहे. डिझेल जातंय त्याचं मला काही नाही. ते कसं जातंय ते कळतंय म्हणून बोलते. मला भीती वाटते, बाबा. संध्याकाळी फोन वाजला की उचलायच्या आधी गल्लीत गाडी दिसते का ते बघते."

अलगदराव चिडले. मुलगी त्यांचीच, तीही चिडली. शेवटी तिने निकाल दिला: हा महिनाभर ॲव्हरेज बाराच्या वर राहिलं तर किल्ली तुमची. बाराच्या खाली गेलं तर किल्ली माझ्या टेबलाच्या खणात, आणि पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हर. तुम्ही दुकानात खुर्चीवर बसायचं.

खुर्ची! अलगदरावांच्या अंगावर काटा आला. खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांना पेपर वाचायला देतात.

आता साधा मार्ग होता, गाडी हळू चालवायचा. पण सरळ मार्गाने जाईल तो अलगदराव कसला? त्यांनी आधी ॲव्हरेजलाच फसवायचं ठरवलं.

पहिल्या शनिवारी ते नेहमीच्या पंपावर गेले नाहीत. चढावरच्या पंपावर गेले आणि गाडी नाक वर करून अशी तिरकी लावली, की टाकी भरायच्या आधीच नळी खट्‌कन बंद झाली. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, अजून बसेल." काका म्हणाले, "हवरटपणा बरा नाही." ॲव्हरेज आलं बारा पूर्णांक दोन. अलगदराव रात्रभर मिशीत हसले.

पण डिझेलचा हिशोब देवाघरचा, आज लपवलं ते उद्या पुढे येतं. दुसऱ्या शनिवारी मुलगी स्वतः बरोबर आली, गाडी नेहमीच्या सपाट पंपावर उभी राहिली आणि टाकीने त्या आठवड्याचं डिझेल तर प्यायलंच, वर मागचे लपवलेले आठ लिटरही वसूल केले. त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक शहाणपणा केला होता. मोठ्या बसच्या मागे मागे राहिलं की वारा लागत नाही आणि डिझेल वाचतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. अलगदराव एका बसच्या मागे लागले. वारा खरंच लागला नाही. पण समोर बसच्या पाठीशिवाय काहीच दिसत नसल्यामुळे आपलं वळण कधी गेलं तेही कळलं नाही. ते थेट डेपोच्या फाटकात पोचले, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना विचारलं, "तुमची गाडी कितीची सुटते?" ॲव्हरेज आलं नऊ पूर्णांक दोन.

"बुडत्याचा पाय खोलात," बायको वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. लांबच्या पंपावरून एक वीस लिटरचा डबा भरून आणला आणि गल्लीच्या टोकाला, आडोशाला, गाडीत ओतला. वहीत याची नोंद कशाला? बेत तसा चांगला होता. फक्त दहाएक लिटर ओतून थांबायचं होतं. पण ओतताना माणसाला दया येते. त्यांनी डबा उपडा केला.

शनिवारी मुलीने मोबाइलवर भागाकार केला. पुन्हा केला. मग आईला हाक मारली.

"आई, सोळा पूर्णांक दोन!"

"वा," आई म्हणाली.

"कंपनीसुद्धा पंधरा म्हणते, आई. बाबांनी कंपनीला मागे टाकलं."

"गाडीत जीव असतो," अलगदराव गंभीरपणे म्हणाले. "प्रेमाने वागवलं की तीही प्रेम करते."

"प्रेमाचा वास येतोय तुमच्या शर्टाला," बायको म्हणाली. "बुधवारपासून. मी दोनदा धुतला."

अति तेथे माती. डबा हौद्यात सतरंजीखाली सापडला. मुलीने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि हसून झाल्यावर तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "हे तीन आठवडे सोडून दिले. एक राहिला. पुढच्या आठवड्यात त्या नव्या इमारतींच्या खिडक्यांची मापं घ्यायची आहेत. पन्नास किलोमीटर जाणं, पन्नास येणं, सहा दिवस. काही फसवाफसवी नाही. बारा आलं तर किल्ली तुमची."

ती खाली गेल्यावर बायकोने वही खिळ्यावरून काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"वाचा. मी शेजारी बारीक अक्षरात लिहिते ते."

आकड्यांशेजारी कुठे 'काच' लिहिलं होतं, कुठे 'माप'. कारखान्यातून काच आणायच्या आणि पोचवायच्या आठवड्यांत, गाडी जाता-येता भरलेली असताना, तेरा. कधी सव्वातेरा. मापं घ्यायच्या आठवड्यांत, गाडी दोन्ही वेळा रिकामी असताना, दहा. एकदा तर पावणेदहा.

"ओझं असलं की कमी पिते आणि रिकामी असली की जास्त. अशी गाडी जगात दुसरी नसेल," बायको म्हणाली. "काच असली की जपता. काच नसली की गाडीत कोण असतं? तुम्हीच ना?"

अलगदरावांनी वही मिटली. उठून ती परत खिळ्याला टांगली. परतीच्या घाईचं खरं कारण सोफेवाला नव्हता. तो तोंडी लावायला. खरं कारण होतं चार वाजताचा चहा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको म्हणाली होती, "तुम्ही आल्याशिवाय मी चहा घेणार नाही." तेव्हापासून, चार वाजायला आले की अलगदरावांना डोळ्यांसमोर रिकामा कप आणि त्याच्याकडे बघत बसलेली बायको दिसे, आणि उजवा पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबू लागे. पण चाळीस वर्षं संसार झालेला माणूस असलं काही बायकोला तोंडावर सांगतो का? मेला तरी नाही.

सोमवारी त्यांनी घोडीवर एक भंगाराची काच बांधून पाहिली. उपयोग झाला नाही. पायाला पक्कं ठाऊक होतं की ही भंगाराची आहे. चाराला पाच कमी असताना गाडी दारात उभी होती आणि ब्रेकचा वास येत होता.

त्या संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली तेव्हा अलगदरावांनी खोलीचं दार लोटलं, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिच्या कपाटाचा आरसा उतरवला. हा आरसा त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः कापला होता, कडा आठ दिवस स्वतः घासल्या होत्या. तेव्हापासून घराने चार वेळा रंग बदलला, आरशाला ओरखडा नव्हता. गोधडीत गुंडाळून, चोरासारखे जिना उतरून, त्यांनी तो घोडीवर बांधला. स्वतःलाच म्हणाले, "अलगद."

मंगळवारपासून रस्त्याने एक वेगळीच गाडी जाऊ लागली. खड्डा दिसला की पन्नास पावलं आधी वेग उतरे. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत. सोफेवाला दोनदा हॉर्न वाजवून पुढे गेला, तेव्हा अलगदरावांनी त्याला हात हलवून निरोप दिला. बिचारा इतका गोंधळला की पुढच्या सिग्नलला खाली उतरून म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?"

फक्त घरी पोचायला उशीर होऊ लागला. मंगळवारी साडेचार, बुधवारी पावणेपाच. बायको कप पुढे करत होती. आरशाबद्दल मात्र बोलली नाही. कपाटाच्या दारावर आरशाच्या जागी चौकोनी फिकट डाग दिसत होता, आणि ती स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून भांग पाडत होती. तिने तोंड उघडलं नाही म्हणजे तिच्या लक्षात आलं नाही, असा अलगदरावांनी समज करून घेतला. शहाण्या माणसालासुद्धा कधी कधी असा समज सोयीचा पडतो.

शनिवारी रस्त्यावर डांबर टाकत होते. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. चार वाजले, साडेचार वाजले. रस्ता मोकळा झाला तेव्हा पाच वाजून गेले होते, समोर सरळ पट्टा होता, आणि अलगदरावांचा पाय शिवशिवू लागला. त्यांनी मागच्या काचेतून हौद्यात पाहिलं. गोधडीचं एक टोक वाऱ्याने सरकलं होतं आणि आरशात त्यांचंच कपाळ दिसत होतं, घामेजलेलं. त्यांनी पाय उचलला. "घेईल ती चहा," ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

पंपावर मुलगी वाट बघत उभी होती. सहाशे किलोमीटर झाले होते. बाराचं ॲव्हरेज हवं तर पन्नास लिटरच्या आत टाकी भरायला हवी. पंपावरच्या माणसाने नळी लावली. चाळीस. बेचाळीस. अलगदराव पुटपुटले, "अलगद, बाबा, अलगद." पंचेचाळीस. सेहेचाळीस. खट्. मुलीने स्वतः नळी हलवून पाहिली, अजून एक थेंबही बसेना.

"तेराच्या वर," ती म्हणाली. "डबा?"

"झडती घे."

तिने सतरंजी उचलली, गोधडी उचलली, आणि आईचा आरसा पाहून जागच्या जागी थांबली. मग गोधडी नीट गुंडाळली आणि किल्ली वडिलांच्या खिशात टाकली.

अलगदराव जिना चढले तेव्हा सहा वाजत आले होते. ओट्यावर दोन कप झाकून ठेवलेले होते. एक भरलेला, एक अर्धा. दोन्ही गार.

"तुझा चहा राहिला," ते दारातूनच म्हणाले. "डांबर टाकत होते. मी घाई केली असती तर..."

"माझा झाला."

"झाला? कधी?"

"साडेतीनला. मी रोज साडेतीनलाच घेते."

अलगदराव खुर्चीवर बसले.

"रोज म्हणजे? या आठवड्यात?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी थांबले होते, तर डोकं दुखायचं."

एकोणचाळीस वर्षं! एकोणचाळीस वर्षं हा माणूस सगळ्या जगाचा जीव मुठीत धरून त्या रस्त्याने धावत आला होता. किती लिटर डिझेल, किती ब्रेक, आणि सोफेवाल्याच्या किती शिव्या. त्यांना रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना.

"मग चारला माझ्याबरोबर घेतेस तो?"

"तो दुसरा. अर्धा कप. तुमच्यासमोर बसायला काहीतरी हातात नको?"

त्यांनी उठून तो अर्धा कप अलगद उचलला आणि आपल्या कपाला खेटून ठेवला.

"आरसा खाली गाडीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. राहू दे तिथंच. मला दुसरा कापा. काचवाल्याची बायको डब्याच्या झाकणात बघते हे लोकांना कळलं तर दुकान बंद पडेल."

"म्हणजे मी सहाला आलो तरी चालतं?"

"सातला आलात तरी चालतं," ती म्हणाली. "आलात म्हणजे झालं."

आणि त्या दिवसातलं तिसरं आधण ठेवायला उठली.