दामल्यांच्या घरी शॉवर बसला

कोथरूडातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. त्यावर शरच्चंद्र दामल्यांच्या वळणदार अक्षरात कित्येक वर्षं एकच मजकूर होता: 'खासगी पंप बसवणाऱ्याचे पाणी विनासूचना तोडण्यात येईल. हीच सूचना समजावी.' विनासूचना म्हणायचं आणि वर हीच सूचना म्हणायचं, हे दामल्यांनाच सुचावं!

सेक्रेटरी व्हायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून ते कायमचे सेक्रेटरी. मी मंदाकिनी, शेवटच्या मजल्यावर त्यांच्या समोरच्या दारात राहते. मी तोंडाने फटकळ, ते फळ्यावर फटकळ, त्यामुळे आमचं बरं जमायचं. माणूस चोख होता हो. पाण्याच्या बाबतीत तर जरा जास्तच. स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करायचे आणि दुसऱ्याचा नळ गळताना ऐकू आला तर त्याच्या दाराची बेल वाजवायचे. खालच्या मजल्यावर संतोष नावाचा अमरावतीकडचा मुलगा भाड्याने राहायचा, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने गुपचूप पंप बसवला, तेव्हा दामल्यांनी हातात पाना घेऊन तो स्वतः काढला.

त्यांची बायको सुनीती. शाळेत संस्कृत शिकवायची. आमच्या दोघींच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे एकमेकींच्या आंघोळी ऐकतच आम्ही म्हाताऱ्या झालो. रोज सकाळी तिचा स्नानाचा श्लोक ऐकू यायचा, तांब्यागणिक एक नदी. आवाज असा खणखणीत, की मी चहाचं आधण तो ऐकूनच ठेवायचे. मग तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, पाय जेमतेम आला, उजवा हात काही आला नाही.

तेव्हापासून दामले तिला आंघोळ घालायचे. मी म्हटलं, बाई ठेवा. पण सुनीतीलाच परकी बाई नको होती. दामले सगळं नीट करायचे, पाणी मनगटावर घेऊन बघायचे, घाई करायचे नाहीत. पण डक्टमधून ऐकू यायचं ते पाणी ओतल्याचा आवाज आणि दामल्यांचं 'डोळे मीट'. श्लोक बंद. मी एकदा तिला विचारलं, "का गं, म्हणत नाहीस हल्ली?" तर म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालतात तेव्हा बाळ श्लोक म्हणतं का, मंदाताई?"

 शेवटी एक दिवस ती दामल्यांना म्हणाली, "मला माझी मी आंघोळ करायची आहे. दार लावून."

एवढंच मागितलं तिने. आणि दामल्यांनी ते मनावर घेतलं. अमेरिकेतल्या मुलाला, राजसला, फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, सिंपल आहे, शॉवर बसवा. आई स्टुलावर बसेल, चावी फिरवेल, पाणी आपोआप अंगावर येईल." दामल्यांनी दुकानं पालथी घातली. मग बाथरूममध्ये स्टूल ठेवलं, त्यावर स्वतः बसले, हात लांब केला, जिथे टेकला तिथे भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. वर टेपने पुन्हा मोजून घेतलं. सुनीतीला तिकडे फिरकू दिलं नाही. "सगळं झालं की दाखवीन," म्हणाले. तोवर तिची आंघोळ मागच्या मोरीत. कसब्यातला दशरथ प्लंबर आला, त्याने फरशी फोडून लाईन घेतली, गरम-गार आत जुळवून एकच चावी बाहेर काढली. बरोबर फुलीवर.

चावी फिरवली. शॉवरमधून पाणी आलं म्हणावं तर आलं. पाझरणाऱ्या माठासारखं.

मग सुरू झाली खटपट. दामल्यांनी जाळी काढली, सुईने एकेक भोक टोकरलं, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. काही नाही. आतला वायसर बदलला. काही नाही. गच्चीवर जाऊन टाकीची चावी तपासली, ती पूर्ण उघडी होती. लाईनमध्ये हवा अडकली असेल म्हणून सगळे नळ उघडे टाकून बसले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने पाणी वाहू दिलं, आणि ते वाहताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. राजस फोनवरून रोज नवीन उपाय सांगायचा. एकदा म्हणाला, "मोठ्या भोकांचा बसवून बघा." तोही बसवला. धार थोडी जाड झाली, इतकंच.

सुनीती रोज विचारायची, "आज?" दामले म्हणायचे, "उद्या." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं.

शेवटी दशरथ म्हणाला, "काका, शॉवरचा काही दोष नाही. तुम्ही शेवटच्या मजल्यावर, टाकी तुमच्या डोक्यावरच. पाण्याला जोर येणार कुठून? पंप बसवा."

पंप! मी दारातच उभी होते. दामल्यांचा चेहरा असा उतरला, की मला जिभेवर आलेलं बोलवेना. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं सुनीती म्हणाली.

सोसायटीची सभा बोलावली. दामले उभे राहिले. एरवी सभेत ते उभे राहिले की लोक घड्याळं बघायचे. त्यांनी हात जोडले, म्हणाले, "मला एक छोटा पंप बसवायची परवानगी हवी आहे. सुनीतीसाठी." मागून कुणीतरी म्हणालं, "फळा वाचा, दामले." काही जण हसले. मेल्यांना लाज नाही! मी बोलणार तेवढ्यात संतोष उठला. ज्याचा पंप काढला तोच. म्हणाला, "काका, लावून घ्या ना. काकूंसाठी आहे. माझं काही ऑब्जेक्शन नाही." मग कुणाचंच राहिलं नाही. सभा संपल्यावर दामले खाली गेले आणि स्वतःच्या रुमालाने फळा पुसला. मी जिन्यात उभी राहून पाहिलं. फळ्याचा धाक गेला, नियम गेला, वर्षानुवर्षांचा ताठा गेला. पण पंप बसला. चावी फिरवली की आपोआप सुरू होणारा. शॉवर असा कोसळला, की दशरथ भिजून बाहेर आला आणि दामले लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधण ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. स्टूल सरकल्याचा आवाज आला. दार लोटल्याचा आवाज आला. आणि मग श्लोक! अहो, आवाज थरथरत होता, पण तोच. मला रडूच फुटलं. श्लोक पूर्ण झाला. मी पाण्याची वाट बघत राहिले. पाणी नाही. तिने श्लोक पुन्हा सुरू केला, या वेळी हळू. तोही संपला. तिसऱ्यांदा सुरू केला आणि दुसऱ्या नदीशी थांबला. मग काहीतरी भिंतीवर आपटलं.

मी गाऊनवरच धावले. दामल्यांनी दार ढकललं होतं. सुनीती स्टुलावर उजवीकडे कलंडली होती, खांदा भिंतीला टेकलेला, अंग कोरडं ठणठणीत. डावा हात छातीवरून पलीकडे ताणलेला. बोटं चावीपासून वीतभर अलीकडे. चावी उजव्या हाताला होती. आणि उजवा हात मांडीवर पडलेला.

दामल्यांनी तिला सावरून बसवलं. चावीकडे बघत राहिले. "मी... मी स्वतः बसून मोजलं होतं गं."

"हो. तुम्ही बसून मोजलंत."

"आजच दशरथला बोलावतो. फरशी फोडू. चावी डावीकडे घेऊ."

"नको."

"का नको? चार फरश्यांचं काम आहे!"

सुनीती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दुकानदाराला विचारलंत. दशरथला, राजसला विचारलंत. अख्ख्या सोसायटीला हात जोडून विचारलंत. मला एकदा विचारायचं होतंत, अहो. घरातच तर होते."

दामल्यांनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.  मग ती म्हणाली, "बादली आणा. गारठलेय मी."

मी घरी आले. आधण उकळून उकळून आटलं होतं. मी तिचं मन वळवायचा पुष्कळ प्रयत्न केला नंतर, रागावले, हातापाया पडले. ती नुसती हसते. दामल्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. जिन्याखाली फळा अजून कोराच आहे, कुणी काही लिहीत नाही.

रोज सकाळी डक्टमधून पाणी ओतल्याचा आवाज येतो. दामले म्हणतात, "डोळे मीट." आणि ती मिटत असणार.