मूछवाली सुनीताचा रोजचा वाढदिवस

नाना बहिरे होते. लूमने केले.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.
या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. जिवंतपणी कोणी जोडले नव्हते.

नंदुरबारकडून आलो ते थेट परराज्यात, बमरोलीच्या पावरलूमवर, कापड विणायला. कारखान्यात एवढा खडखडाट की माणसं हातानेच बोलायची. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. दोन हात फुलीसारखे धरले की शिफ्ट संपली.

घरीही तेच. मी शिव्या द्यायचे, हे, म्हणजे नाना, अंगठा तोंडाकडे नेऊन विचारायचे, पाणी?

नव्वद सालानंतरची गोष्ट. मोबाइल नव्हता, पण केबल आली होती. गल्लीच्या तोंडाशी हितेशभाईचं केबलचं ऑफिस. संध्याकाळी तो टीव्हीवर गाणी लावायचा आणि खाली पट्टी सरकायची. त्याच्या खिडकीत जाऊन नाव सांगायचं, की अमक्याला हॅप्पी बर्थडे. अख्खी बमरोली बघायची.

एके दिवशी पट्टी आली.

"मूछवाली सुनीता को जन्मदिन मुबारक."

सुनीता माझी मुलगी. दहावीला होती. ओठावर लव होती, माझ्यासारखीच.

वाढदिवस नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. मग रोजच.

शाळेच्या वाटेवर पोरं टाळ्या वाजवून हॅप्पी बर्थडे म्हणायला लागली. पोरीने शाळा बंद केली. न सांगता भांडी घासायला बसली, तेव्हाच मला कळलं की प्रकरण मोठं आहे.

मी कात्री घेतली आणि केबलची वायर कापली.

"माय, तू आपलीच कापली. बाकीच्यांची?"

बरोबर बोलली.

मी म्हटलं, गावी मामाकडे पाठवून देऊ, तोच स्थळ बघेल. नानांनी मान हलवली. नाही म्हणून. बहिरा माणूस, पण नको ते बरोबर ऐकायचा.

दुसऱ्या दिवशी स्वतःच गेले हितेशभाईकडे. मला वाटलं, भांडतील.

संध्याकाळी शेजारीण धावत आली. "वहिनी, चला लवकर, तुमच्या घरचं टीव्हीवर आलंय!"

तिच्या घरी जाऊन बघितलं. पट्टी सरकत होती.

"सुनीता को मूछ नहीं है. उसके पिताजी, लाइन नंबर चार."

ज्यांना कोणती सुनीता ते ठाऊक नव्हतं, त्यांनाही पत्ता मिळाला.

घरी येऊन मी कानात ओरडले, "अहो, अक्कल पण लूममध्ये घातली का?"

"खरं तेच लिहायला सांगितलं."

"खरं कुठंय? आहे ना तिला मिशी!"

"माले त काई दिखस नही," म्हणाले.

सुनीताने तोंडावर उशी ओढली.

मग नानांनी रात्रपाळी मागून घेतली. रोज संध्याकाळी गाण्यांच्या वेळेला हितेशभाईच्या खिडकीखाली, बॉबिनच्या रिकाम्या खोक्यावर जाऊन बसायचे. मांडीवर जेवणाचा डबा.

इथं का बसलात म्हणून हितेशभाई विचारायचा, "काका, अहीं शुं काम बेठा छो?"

नाना हसायचे. ऐकू कुठे येत होतं!

कोणाला दम दिला नाही, कोणाचं नाव विचारलं नाही. ज्याला पट्टी द्यायची त्याने त्यांच्यासमोर तोंड उघडायचं, एवढंच. पोरं यायची, नानांना बघून चाचपडायची. एकाने घाबरून स्वतःच्या आजीचाच वाढदिवस सांगितला.

सुनीताची पट्टी बंद झाली.

पण नाना उठेनात. रात्री लूम, दिवसा घरात झोप नाही, संध्याकाळी खोकं. डोळे लाल झाले. लूमवर डुलकी लागली तर हात जातो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मी सुनीताला म्हटलं, "जा, बापाला घेऊन ये. माझं ऐकत नाही."

"मी? तिथं?"

"मग कोण? बर्थडे कोणाचा आहे?"

गेली. मी लांबून मागे.

पोरं ओट्यावर बसली होती. एकाने टाळी वाजवली. ती थांबली, मग पुढे चालली. खिडकीत डोकं घालून म्हणाली,

"हितेशभाई, मेरा बर्थडे मार्च में है. तब डालना."



मग बापासमोर उभी राहिली आणि दोन हात फुलीसारखे धरले.

नाना डबा घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सुनीता शाळेत गेली. मिशीसकट.

मार्चमध्ये पट्टी आलीच नाही. हितेशभाई विसरला.

हे सगळं आज आठवलं, कारण नात, सुनीताची पोर, परवा मोबाइल फेकून रडत बसली होती. फोटोखाली कोणीतरी घाण लिहिलंय. सुनीता उठली. जवळ जाऊन बसली, आणि बसूनच राहिली. बापावर गेली आहे.

मागच्या वर्षी नानांना उचलायच्या आधी बायका त्यांच्या कानाशी रडत होत्या. बहिऱ्या माणसाच्या! सुनीता पुढे आली. तिचे आता केस पिकलेत. तिने नानांसमोर दोन हात फुलीसारखे धरले.

बाकीच्यांना वाटलं, नमस्कार चुकला.

नाना, तुमची शिफ्ट संपली. माझी चालू आहे.