चौकशी शेजाऱ्याकडे करावी

आमच्या व्याह्यांइतका चौकस मनुष्य सबंध तुळजापूर तालुक्यात दुसरा नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. ज्यांना ते अतिशयोक्त वाटेल त्यांनी एकदा त्यांच्याबरोबर तामलवाडीहून तुळजापूरपर्यंत एसटीने प्रवास करून पाहावा. उतरेपर्यंत शेजारच्या प्रवाशाचे गाव, त्याच्या सुनेचे माहेर, विहिरीचे पाणी आणि गुडघ्याचे दुखणे त्यांना तोंडपाठ झालेले असते. हे गृहस्थ माझ्या सुनेचे वडील. जन्मभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली. त्यामुळे समोर कोणीही आले की त्यांची नजर आधी पायांकडे, मग दातांकडे आणि अगदी शेवटी चेहऱ्याकडे जाते. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझेही दात पाहिले होते. मी जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य. दोन शब्द सुनावले असते. परंतु प्रश्न मुलाचा होता, म्हणून मी तोंड मिटून घेतले.

बेंबळीच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावाला महिन्यातून एकदा फिरता दवाखाना येतो. तो कोणामुळे येतो याविषयी गावात दोन कथा प्रचलित आहेत. सरपंच म्हणतात, त्यांनी खेटे घातले म्हणून. हॉटेलातली मंडळी म्हणतात, मास्तरांच्या पाहुण्याने सोयरिकीचे आमिष दाखवून गाव फसवले म्हणून. दोन्ही कथा खोट्या आहेत. मी प्रत्यक्ष तेथे होतो; ही मंडळी नव्हती.

घडले ते असे. व्याही लेकीला भेटायला आले होते आणि ओसरीवरच्या बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडीत होते. तेवढ्यात फिरत्या दवाखान्यासाठी घरोघर पाहणी करणाऱ्या दोन मुली दारात आल्या. घरात कोणाला असा काही त्रास आहे का, ज्यावर उपचार घ्यायचे राहून गेले, असे त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "काई न्हाय बाई, समदं बरं हाय. च्या घ्या." हे म्हणताना त्या निम्मा चहा कपात आणि निम्मा कपाबाहेर ओतीत होत्या, कारण कप त्यांना नीट दिसत नव्हता. दिसेनासे होणे हा आमच्याकडे आजार नव्हे, ते वय. आजार म्हणजे माणूस अंथरुणाला खिळल्यावर जे होते ते. गावातल्या प्रत्येक घराने असेच उत्तर दिले होते. मुली जाताना हळहळल्या. ज्या गावांत गरज जास्त दिसेल तिथेच फिरता दवाखाना जाणार होता आणि आमचे गाव कागदावर ठणठणीत निघाले होते.

व्याह्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "बैल विकायला काढलेल्यालाच बैल कसा हाय म्हणून इचारत्यात व्हय, गुरुजी? म्या बघतो उद्या. इहीणबाईंचे डोळे असे वाया जाऊ द्यायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ते घरोघर निघाले, सोबत मी. ते प्रत्येक उंबऱ्यात थांबत. म्हाताऱ्यांना चार पावले चालायला लावीत, खिशातले फुटाणे देऊन कोण चावतो आणि कोण चघळतो ते पाहत, सदऱ्याची स्वतःच तोडलेली गुंडी पुढे करून "मावशी, एवढी सुई ओवा की" म्हणत. पण चालायला लावणे, सुई ओवायला देणे, घर न्याहाळणे, यांचा अर्थ आमच्या भागात एकच होतो. पाहुणा सोयरीक जमवायला निघाला आहे, ही बातमी आमच्या पुढे दोन गल्ल्या धावली. मग काय विचारता. दम्याच्या म्हाताऱ्यांना खोकला ऐकू येऊ नये म्हणून मोटारसायकलवर बसवून शेतात धाडण्यात आले. एका घरी, ज्यांना हात समोर धरला तरी दिसत नाही, अशा आजी मोठ्या ऐटीत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. खडे ताटात आणि तांदूळ अंगणात चालले होते.

येथे हॉटेलवाल्यांचा मुद्दा खोडून काढणे मला भाग आहे. व्याह्यांचा मुलगा विवाहित आहे आणि त्यांनी एका शब्दाने लग्नाचा विषय काढला नाही. कोणी विचारलेच तर ते "बघू की" एवढेच म्हणत. "बघू की" हे वचन नव्हे.

संध्याकाळी मात्र ते खिन्न होऊन परतले. "गुरुजी, तुमच्या गावात समदे अठरा वर्षांचेच हायती." शेंगा पुन्हा पुढे ओढल्या, आणि एक फोडता फोडता थांबले. "चुकलंच की माझं. बैल घेताना म्या कधी मालकाला इचारलं न्हाय. शेजाऱ्याला इचारायचो."

मग ते पुन्हा त्याच घरांत गेले आणि विचारले फक्त एवढेच : "शेजारचे लोक कसे हायती हो?" गाव धरणाचा दरवाजा उघडावा तसे बोलू लागले. "त्येंची म्हातारी? पायरी चढताना बसती." "त्यो? रातभर खोकतो, आमाला झोप न्हाय." आमच्या डावीकडच्या शेजाऱ्याशी नालीवरून माझे वैर आहे. त्याने सांगितले की आमच्या सौभाग्यवती माणसे आवाजावरून ओळखतात आणि भाजीत मीठ दोनदा टाकतात. माझ्याविषयीही त्याने पुष्कळ काही सांगितले. ते मी येथे देत नाही, कारण मी अंगणात उभा होतो आणि मला ते नीट ऐकू आले नाही.

कोण काय बोलले हे रात्र पडण्यापूर्वी सगळ्या गावाला कळले आणि आठ दिवस एकही घर शेजाऱ्याशी बोलेना. मग व्याह्यांनी पाहणीच्या मुलींना पुन्हा बोलावले. त्या म्हणाल्या, शेजाऱ्यांचे सांगणे आम्हाला लिहिता येत नाही. ज्याचे त्यानेच सांगायला हवे. त्यांनी घरोघरी एकेकाला बाजूला घेऊन विचारले, आणि लोकांनी सांगितले. लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. दवाखाना आला. त्यांनी पाठवलेल्या मोठ्या रुग्णालयात सौभाग्यवतींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि पहिली गोष्ट त्यांना दिसली ती माझ्या सदऱ्यावरचे डाग. ती चर्चा अद्याप चालू आहे.

दवाखान्याच्या दिवशी व्याही तामलवाडीहून न चुकता येत, बाकावर बसून रांगेला शिस्त लावीत. स्वतःचे नाव मात्र कधी दिले नाही. "मला काय धाड भरलीय?" पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात, मुलगा पुण्यात. एकदा मी त्यांना न कळवता तामलवाडीला गेलो आणि त्यांच्याच पद्धतीने शेजारणीकडे चौकशी केली.

"दादा व्हय?" ती म्हणाली. "बाजारला जायचं सोडलंय. म्हणत्यात बाजारात आता मजा न्हाय. पर खरं सांगू का, वेशीपस्तोर गेले की दम लागतो. मग येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गाव, गोत इचारत बसत्यात. लोकास्नी वाटतं चौकशी करायलेत."

पुढच्या दवाखान्याला मी त्यांचे नाव सर्वांत वर घालायला लावले. पुकारा झाला तसे ते गुरगुरले, "कुणी सांगितलं?"

"तुमच्या शेजारणीनं, पाव्हणं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पायांकडे नाही, दातांकडे नाही, आधी चेहऱ्याकडे. मग डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हाती दिला आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला. डॉक्टरीणबाईंना ते माहेर कुठले म्हणून विचारीत होते. आणि मला ऐकू येत नाही असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, की दोन प्रश्नांच्या मधला त्यांचा श्वास मला बाहेर बाकावर स्पष्ट ऐकू येत होता.