हाडाच्या फणीची भेग

केळझरच्या अलीकडे एका शेतात आमचं उत्खनन चाललं होतं. तिथल्या खालच्या ओलसर थरातून ती फणी निघाली. हाडाची, अर्धी मोडलेली, अंगावर डोळ्यांसारखी बारीक वर्तुळं कोरलेली. मातीतून ती अलगद सोडवली एका मजूर मावशीनं.

मी तिथं वस्तू जतन करण्याच्या कामाला होते. ओलं हाड एकदम सुकलं की तडकतं. म्हणून फणी ओल्या कापसासकट डबीत ठेवायची आणि झाकण रोज थोडं थोडं किलकिलं करायचं, एवढंच काम. पण वर्ध्याच्या मे महिन्यात त्या एवढ्याशा कामानं माझा जीव खाल्ला. जेवता जेवता दोनदा उठून मी डबी पाहून यायचे.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्या सरांना फोटो हवे होते. "दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. तंबूत उजेड कमी, म्हणून मीच फणी उन्हात नेली. दोनाची दहा मिनिटं झाली. उचलताना दिसलं, एका वर्तुळातून केसाएवढी भेग गेली होती.

मावशी घमेलं घेऊन शेजारीच उभी होती. "काऊन वं बाई, हे कसं झालं? माह्या हातात त साबूत होती."

"जुनीच भेग आहे, मावशी. माती निघाली म्हणून दिसली," मी म्हणाले.

ती घमेलं घेऊन खड्ड्याकडे परतली. नंतर पाहिलं तर खुरपी बाजूला ठेवून ती नुसत्या बोटांनी माती सारत होती.

मला कुठंच बसवेना. खापरं धुवायला घेतली, तशीच सोडली. नोंदवही उघडली, मिटली. चारच्या सुमाराला सरांकडे जाऊन सांगून टाकलं, भेग आजची आहे, उन्हानं पडली, माझ्या हातून. ते चिडले. मग म्हणाले, "फोटो मीच मागितले होते. तेही लिही."

लिहिलं. मग खड्ड्याशी जाऊन मावशीलाही सांगितलं.

"मंग सकाळीच काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मले वाटलं, माहीच खुरपी लागली."



हाड पुरतं सुकल्यावर पातळ डिंकासारखं रसायन ब्रशच्या टोकानं थेंब थेंब सोडून मी ती भेग थोपवली. फणी टिकली. मावशी मात्र त्यानंतर काहीही सापडलं, की दोन्ही बाजूंनी फिरवून मला दाखवायची. "पाहून घेजो वं, काई लागलं नाई ना?" मी "नाही लागलं" म्हटल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही.