शांताबाईंचा भोपळा

माझ्या मोठ्या जाऊबाई, शांताबाई, जाऊन महिना होत आला. मी उंद्रीच्या बाजारात होते, तिथेच फोन आला. चहा ठेवता ठेवता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. धावत त्यांच्या घरी आले, तर दारातल्या बायका कुजबुजत होत्या, "बरं झालं बाई, विहिरीत नाही मेली. घराची इज्जत राह्यली." माणूस अजून उचललं नव्हतं, आणि यांना इज्जतीची पडलेली! शिसारी आली मला.

नवरा गेला, पोरं पुण्याला लागली, तेव्हा बाई पन्नाशी ओलांडून बसल्या होत्या. एक दिवस माळ्यावरून वाळलेला भोपळा काढला. आमच्याकडे पोरं तो पाठीला बांधूनच पोहायला शिकतात. म्हणाल्या, "भावाइच्या पाठीवर मीच बांधत होती, अन् त्याइचे कपडे धरून काठावर बसत होती. आता माह्या पाठीवर तू बांध." नवऱ्याचा जुना सदरा घालून त्या शेतातल्या विहिरीत उतरल्या. कमरेच्या दोराचं टोक वर माझ्या हातात. नाकातोंडात पाणी गेलं, खोकल्या, विहिरीला शिव्या घातल्या... आणि मग खालून ओरडल्या, "मले आता कुठं जित्ती असल्यासारखं वाटून राह्यलं वं!"

गावाला तेच खुपलं. पोरं त्याच विहिरीत उड्या मारायची, थुंकायची, तेव्हा पाणी चांगलं. ही उतरली की लगेच खराब! चुलत सासऱ्यांनी त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. माझ्या नवऱ्यानं तर, "वहिनीले म्हातारपणी चळ लागला," म्हणत त्यांच्याशी बोलणंच टाकलं. बाई रोज पोहल्या. पुढे भोपळाही लागेना, तरी तो खुंटीवर जपून ठेवला होता.

तेरवीला तेच चुलत सासरे उठून डोळे पुसत म्हणाले, "माउलीनं कधी उंबरा ओलांडला नाही." सगळ्या माना हलल्या. माझ्या नवऱ्याचीसुद्धा! किती निर्लज्ज असावं माणसानं? तोंडातली बुंदी गिळवेना, परसात जाऊन थुंकले. तिथे बाईंचं अंथरूण, कपडे टाकून द्यायला काढले होते आणि त्या ढिगावर भोपळा. उचलला आणि पदराखाली घरी आणला.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. परवा नवऱ्यानं विचारलं, "हे काऊन टांगलं इथं?"

म्हटलं, "उद्या सकायी विहिरीवर चला. मी उतरते... दोर तुम्ही धरा."