तांबडा काटा

कुणी वेळ विचारली, तर तो आधी घड्याळाकडे बघायचाच नाही. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, "नवी पायजे का जुनी?"

लढाईच्या दिवसांत सरकारने घड्याळं एक तास पुढे केली होती, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कचेरी आणि आगगाडी नव्या वेळेवर, जेवणखाण जुन्या. कराडच्या पेठेत घड्याळजी तो आणि मी, दोघेच, तेही समोरासमोर. हुकूम निघाला तेव्हा मला वाटलं, आता आपली चांदी.

मग पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलं. दोघा चुलतभावांची उसाला पाणी द्यायची पाळी पाठोपाठ असे, आधी धाकट्याची, मग थोरल्याची. थोरल्याने माझ्याकडून घड्याळ नव्या वेळेला लावून नेलं, धाकट्याने जुन्या. तासभर पाणी दोघांचंही! बांधावर खोरी उगारली गेली. शेवटी दोघे घड्याळं काखेत मारून माझ्या दुकानात आले.

"आवं, ह्यातलं खरं कंचं?"

"सरकारी तेच खरं," मी ताठ्याने म्हणालो. "दुसरं मोडीत काढा."

धाकट्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात समोरून हाक आली, "इकडं या रं दोघं!"

त्याने पत्र्याचे दोन काटे कापले, तांबडे रंगवले आणि दोन्ही घड्याळांत तासकाट्यालाच, एक घर मागे, जोडून दिले. "काळा सरकारचा, तांबडा तुमचा. आता पाळी तांबड्यावर धरायची. काट्याकडं बघा, एकमेकाच्या टकुऱ्याकडं नगं."

दोघे हसत गेले. मी जळलो. पुढच्या बाजारी त्याच्या ओट्यावर घड्याळं मावेनात. मीही तांबडे काटे कापले, तर गिऱ्हाईक म्हणे, "त्येच्यासारखा न्हाई बसत." काट्यात त्याच्यासारखं काय असायचं, सांगा बघू! कहर म्हणजे संकष्टीला चंद्रोदय कोणत्या वेळेने धरायचा, हे माझी बायको त्यालाच विचारून आली. घरात घड्याळजी बसलेला असताना! त्या दिवशी मला मोदक गोड लागले नाहीत.

वर तो मला रोज चहा पाठवायचा. "घे गड्या. त्वांड का पाडलंयस?" तो चहासुद्धा माझ्या घरच्यापेक्षा चांगला असायचा.

लढाई संपत आली तेव्हा त्याची नजर अधू झाली. दुकान बंद करून तो मिरजेला लेकीकडे गेला. थोड्याच दिवसांत सरकारने आपला तास परत घेतला.

तांबडे काटे उतरवायला अख्खी पेठ माझ्या दारात उभी राहिली. "मालक, आमचं आधी!" "न्हाई, मी सकाळधरनं हाय!" ओटा भरला, पायऱ्या भरल्या. इतकी वर्षं ज्यासाठी तळमळलो, ते सगळं पदरात पडत होतं. मी मोठमोठ्याने बोलत होतो, उगीच गिऱ्हाइकांवर डाफरत होतो आणि दर थोड्या वेळाने मान उचलून समोर बघत होतो. समोर फळ्या लावलेल्या होत्या.

"मालक, कुणाची वाट बघताय?" एकाने विचारलं.

"कुणाची नाही," मी म्हणालो. पण मला त्याचा असा काही राग आला म्हणता! एवढी गर्दी माझ्या दारात, आणि ती बघायला तो जागेवर नाही. आणखी चार दिवस थांबला असता, तर त्याचं काय जाणार होतं?