विचारलं तरच सांगायचं

"एकदा नुसती खोकली असतीस तरी माझ्या लक्षात आलं असतं."

"त्या बाईला खोकला नव्हता."

"कुठल्या बाईला? समोर तू बसली होतीस, ताई."

"मी नव्हते. पंचेचाळीस वर्षांची टेलरबाई होती. तीन दिवस छातीत जळजळ."

"घ्या. मी नापास झाले आणि हिला अजून टेलरबाईचंच पडलंय."

वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली. दोन कॉट, मध्ये एक टेबल, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले दोन ॲप्रन. टेबलावर एक फॉर्म, आणि त्याच्यावर धाकटीने आठवणीने ठेवलेलं पेन. अडीच वाजले होते. चारच्या आत तो फॉर्म खाली ऑफिसात गेला तरच उपयोग होता.

धाकटी म्हणजे ताईची मामेबहीण. ताई मेडिकलच्या चौथ्या वर्षाला, ती तिसऱ्या. घरापासून दोन विमानं लांबच्या या देशात धाकटी आली ती ताईच्या भरवशावर. "ताई आहे ना तिथं," असं मामा दूधवाल्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगायचा.

ताईला मात्र इथे यायचंच नव्हतं. तिला नाटक करायचं होतं. चौदाव्या वर्षी एका एकांकिकेत तिने सत्तरीची म्हातारी केली, तर प्रयोगानंतर पायऱ्या उतरताना एका अनोळखी गृहस्थांनी तिला हात दिला होता. आई नर्स. ती म्हणाली, "आधी डॉक्टर हो. मग हवं तर स्टेजवर जाऊन मर." ताईने ती परवानगी समजली. बॅगेत शरीररचनेच्या पुस्तकांखाली मेकअपचा डबा घालून ती निघाली.

पहिल्या वर्षी तिने इथली एक हौशी नाटक मंडळी शोधून काढली. पण तिची जीभ इथल्या भाषेला वळायची नाही, म्हणून वाट्याला यायची ती न बोलणारी माणसं. मोलकरीण. गर्दीतली बाई. एकदा प्रेत. तालीम सहाला, वॉर्ड सुटायचा सातला. दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा ती धावत पोचली, तर तिच्या जागी दुसरीच मुलगी चादर ओढून पडली होती. "प्रेतालासुद्धा बदली माणूस मिळतो गं," असं तिने फोनवर आईला हसत सांगितलं. पुढचं दीड वर्ष तिने काहीच केलं नाही. डब्यातली क्रीम वाळून तडकली.

मग एक दिवस नोटीसबोर्डवर कागद दिसला. इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या परीक्षेसाठी पेशंट पाहिजेत.

परीक्षेत विद्यार्थ्यांना पेशंटची विचारपूस करून दाखवावी लागते, आणि खरा पेशंट एकच दुखणं चाळीस जणांना चाळीस वेळा सारखंच कसं सांगणार? म्हणून शिकवून तयार केलेली माणसं बसवतात. प्रत्येकाला एक कागद मिळतो. वर वय, काम, दुखणं. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली लिहिलेलं असतं, "विचारलं तरच सांगायचं". निदानाची किल्ली त्या रेघेखाली असते. बाकीचे लोक कागद पाठ करायचे. ताई प्रत्येक बाईसाठी वहीत पाच-सहा पानं लिहायची. टेलरबाई टाचण्या ओठांत धरते, म्हणून बोलतानाही ओठ पुरते उघडत नाही. बोलता बोलता बाहीवरचा, नसलेला दोरा काढते. आठवड्यातले तीन तास ताई अशी कुणीतरी असायची. उरलेला आठवडा त्यावर निघायचा.

नियम एकच होता. आत आलेला विद्यार्थी ओळखीचा निघाला, तर ताबडतोब हात वर करायचा. बदली पेशंट बाहेर बसलेला असे.

त्या दिवशी धाकटीचं नाव दुसऱ्या मजल्यावर होतं. ऐनवेळी गट बदलले. घंटा वाजली, दार उघडलं आणि धाकटी आत आली. ताईला बघून तिचे खांदे सैल पडले, दिवसभर उन्हातून फिरून घरात शिरावं तसे.

ताईचा हात मांडीवर होता. तो मांडीवरच राहिला.

"सगळं विचारलंस," ताई आता म्हणाली. "कधीपासून दुखतं, जिना चढताना वाढतं का, जेवणानंतर वाढतं का. हात पण धुतलेस. मग घरच्यांचं का नाही विचारलंस?"

"काय विचारू? तुमच्यात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, असं तुला विचारू? आत्याला साखर आहे, आतोबांना बीपी, तुला दुसरीत गोवर झाला होता. तुमचं घर मला पाठ आहे."

"टेलरबाईचं नव्हतं ना पाठ."

"माझ्या डोक्यात ती खूण झालेलीच होती, ताई. घरचं विचारून झालं, अशी. तुझा चेहरा बघितला आणि झाली."

रेघेखाली लिहिलं होतं की टेलरबाईचा भाऊ अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेला. सकाळपासून सहा जणांनी ते विचारलं होतं, सहा जणांना तिने सांगितलं होतं, आणि सहाही जणांनी तिला तातडीने दाखल करून घेतलं होतं. धाकटीने पित्ताची गोळी लिहून दिली आणि घरी पाठवलं. बाकी सगळीकडे उत्तम मार्क असले तरी ही एक चूक वर्ष खाते.

"सही केलीस की परीक्षेतली ती टेलरबाईची खोली रद्द," धाकटी फॉर्म पुढे सरकवत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात परत घेतील. विभागातल्या बाई स्वतः म्हणाल्या."

"आणि ओळख लपवली म्हणून माझं नाव यादीतून जाईल. कायमचं. तेही त्याच म्हणाल्या."

"तुला डॉक्टर व्हायचंय की पेशंट?"

"डॉक्टर मी होतेच आहे. ते कुणी काढून घेत नाहीये."

"मग?"

"मग काय. हे तीन तास गेले की मागे काय उरतं, ते तू रोज बघतेसच. जेवायला बसते आणि पुस्तक उलटं धरलेलं असतं."

"तीन तास, ताई. आणि इकडे माझं वर्ष."

खिडकीखाली कुणीतरी सायकलचं कुलूप खडखडवत होतं. बराच वेळ ते उघडत नव्हतं.

"मामाला सांगितलंस?" ताईने विचारलं.

"काय सांगू? ताई होती ना तिथं, असं?"

ताईने पेन उचललं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. "हात वर का केला नाही" या रकान्यापाशी ती थांबली. मग "दचकले" एवढंच लिहून तिने सही केली.

धाकटीने फॉर्म ओढून घेतला आणि वाचला. आता तिने हसायला हवं होतं, निदान रडायला तरी. ती कागद हातात धरून तशीच बसली.

"दचकलीस? तू?"

ताई चपला शोधायला कॉटखाली वाकली.

"मी गोळी लिहून दिली, तेव्हा तू पर्स उचललीस," धाकटी हळू बोलत होती, एकेक आठवत. "दाराशी जाऊन थांबलीस. तो बाहीवरचा दोरा काढलास आणि म्हणालीस, बरं झालं डॉक्टर, मला वाटलं काहीतरी मोठं निघतंय. परीक्षक पेन खाली ठेवून बघत राहिले. मला वाटलं, माझं चांगलं झालं म्हणून बघतायत."

"दे तो कागद. ऑफिस बंद होईल."

"दीड तास आहे. सहा जणांनी तुला दाखल करून घेतलं, ताई. घरी जायला कुणी दिलंच नव्हतं. वहीत तू तिचं घरी जाणं परीक्षेआधीच लिहून ठेवलंयस, दोन पानं. मी काल वाचली." तिने फॉर्म पुढे केला, पण सोडला नाही. "मी विचारू नये, असंच वाटत होतं ना तुला?"

दोघींच्या हातात कागदाची दोन टोकं होती. धाकटीने आपलं टोक सोडलं.

ताईने फॉर्मची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडून बाहेर गेली. वही टेबलावरच राहिली.